घोड्याला कळणारे शब्द

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. तेवढ्यावर लेखणी उचलणे हा आगाऊपणा आहे, त्याबद्दल क्षमा असावी. शिवाय विषय शिव्यांचा आहे.

सुट्टीत आलो की सोलापूर स्टेशनवरून मी एकाच टांग्यात बसे. टांगेवाल्याचे नाव कधी विचारले नाही. त्याचा वैताग मात्र घोड्याला पाठ होता. 'हात्तिच्या' म्हटले की घोडे चालू लागे, 'च्यायला' म्हटले की दुडकू लागे आणि 'मुडद्या' ऐकले की चौखूर सुटे. चाबूक नुसता शोभेला.

एकदा माझ्या शेजारी गळ्यात माळ घातलेले करकंबचे पाहुणे बसले. टांगेवाला माझ्या कानाशी पुटपुटला, "आमच्या पोरीला बघाया आल्यात. आज तोंडातनं वंगाळ शब्द न्हाय काडायचा."

नव्या पेठेत गर्दीपुढे घोडे थांबले. गर्दी सरली तरी हलेना.

"चल राजा, चल की बाबा," टांगेवाला विनवू लागला. असली भाषा घोड्याने जन्मात ऐकली नव्हती. मागचे गाडीवाले ओरडू लागले. पाहुण्यांनी दोनदा देवाचे नाव घेतले, माळ चाचपली आणि शेवटी त्यांच्या तोंडून निसटलेच, "च्यायला, घोडं हाय का खांब!"

घोडे दुडकत निघाले.

पाहुणे ओशाळून खाली बघू लागले. टांगेवाला वळून म्हणाला, "पाव्हणं, घोड्यानं वळखलं तुमास्नी. घरचंच मानूस हाय म्हनतंय."

मी हसू दाबले, पण त्या मुलीचे पुढे काय झाले याची रुखरुख कॉलेजातही राहिली. पुढच्या सुट्टीत कळले, सोयरीक जमली आणि वरातीत टांगा हाकायला व्याही स्वतः बसले होते.