अंबिकाबाईंची शिष्या

रामबागेत अंबिकाबाई शेवड्यांचा शिवणाचा क्लास होता. दोन पायमशिनी, एक लांब बाक आणि आम्ही सात-आठ मुली. मी तेव्हा काजं करायला शिकत होते. बाई कमी बोलायच्या. शिलाई वाकडी गेली की सगळी उसवून परत घालायला लावायच्या, बस.

चौपन्न सालच्या उन्हाळ्यात एका मासिकात मंजिरी या गायिकेची मुलाखत आली. सराफ्यातल्या चहाच्या दुकानांपासून लग्नाच्या मांडवांपर्यंत तेव्हा तिच्याच भावगीतांच्या रेकॉर्डी वाजत. मुलाखतीत तिनं सांगितलं होतं, ‘माझ्या पहिल्या गुरू म्हणजे इंदूरच्या रामबागेतल्या अंबिकाबाई शेवडे.’

शेजारच्या भानुमतीकाकू मासिक घेऊनच आल्या. “काय हो, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात. इतके दिवस कुणाला मालूमच नाही!”

बाईंनी तो मजकूर दोनदा वाचला. “मी कुणा मंजिरीला ओळखत नाही,” त्या म्हणाल्या. “आणि गाणं तर मला येतच नाही.”

त्यांचे यजमान श्रीपादराव मिलच्या ऑफिसात कारकून होते. ते म्हणाले, “अगं, दुसरी कुणी अंबिकाबाई असेल.” पण रामबागेत दुसरी अंबिकाबाई शेवडे नव्हती. शेवटी बाईंनी मासिकाच्या पत्त्यावर मंजिरीला पत्र टाकलं: आपली काही चूक होते आहे, मी शिवण शिकवते.

उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी पेपरात बातमी आली, की मंजिरी विषमज्वरानं गेली. वय अवघं अठ्ठावीस. बातमीत तिचं माहेरचं नाव होतं, रमा टोळे.

बाई मशीनवरून उठल्या. “रमा? ती रमा?” त्या म्हणाल्या. “तिला तर साधी तुरपाई जमत नव्हती.”

शहरात शोकसभा झाली आणि बाईंना बळेच पुढच्या खुर्चीत बसवलं. दोन शब्द बोला म्हटल्यावर त्या उभ्या राहिल्या, “ती माझ्याकडे आठ महिने होती,” एवढंच म्हणाल्या आणि बसल्या. लोकांना वाटलं, दुःखानं शब्द फुटत नाहीत.

सभा संपल्यावर मंजिरीचा भाऊ शाम बाईंजवळ आला. तो मुंबईहून आला होता. बाईंनी आधी पत्राचं विचारलं. माझ्या पत्रानं तिला वाईट तर वाटलं नसेल ना, हेच त्यांना खात होतं.

“नाही हो. वाचून हसली ती,” शाम म्हणाला. “म्हणाली, बाईंना अजून ठाऊकच नाही. तुम्ही मशीन चालवताना गुणगुणायचात ना? ते ऐकायला मिळावं म्हणून ती केलेली शिलाई मुद्दाम उसवायची, आणि उशिरापर्यंत थांबायची.”

“मी गुणगुणायचे? काय गुणगुणायचे?”

शामला ते सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्हाला विचारलं. लक्ष्मी म्हणाली, आरतीसारखं काहीतरी. मी म्हटलं, लावणीसारखं. तिसरी म्हणाली, बाई गात नाहीत, मशीनच तसं वाजतं. बाई आणखीच गोंधळल्या. त्या दिवसापासून मशीनवर बसल्या की ओठ घट्ट मिटून घेऊ लागल्या, आणि क्लासात नुसती खडखड ऐकू येऊ लागली.

इकडे लोक मुलींना घेऊन यायला लागले. “बाईजी, हिला पण मंजिरीसारखं तयार करा ना.” बाई सांगत, पोलकं शिकवते, फ्रॉक शिकवते. लोकांना तो विनय वाटायचा.

शेवटी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, बाई गाण्याच्या एका मास्तरांकडे शिकायला गेल्या. आपल्यात काय आहे ते एकदा कळू दे, म्हणाल्या. तीन महिन्यांनी मास्तरांनी हात जोडले. “वहिनी, राग मानू नका. तुमचा षड्जच ठिकाणावर राहत नाही.” हे आम्हाला सांगताना बाई कितीतरी दिवसांनी हसल्या. मग मध्येच थांबून म्हणाल्या, “मग ती काय ऐकत होती गं?”

श्रीपादरावांनी त्यांना मंजिरीची एक रेकॉर्ड आणून दिली. घरी ग्रामोफोन नव्हता, म्हणून बाई ती आमच्याकडे घेऊन आल्या. मी चावी भरली. बाई मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. चेहऱ्यावर ओळखीची काही खूण नव्हती. पहिलं कडवं झालं. दुसऱ्या कडव्यात मंजिरीनं एक ओळ वर नेऊन सोडली, आणि बाई एकदम म्हणाल्या, “इथे चुकली. हे असं नाहीये.”

मी सुई उचलली. “मग कसं आहे, बाई?”

त्यांनी तोंड उघडलं. मग ओठ पुन्हा घट्ट मिटून घेतले.

“माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “पण असं नाहीये. परत लाव.”

मी परत लावली.