कवळीतला वाघ

आमच्या गल्लीतले टर्नरमामा पंचेचाळीस वर्षं लेथवर उभे आहेत. त्यातली शेवटची चार निव्वळ अंदाजावर, पण हे मी सांगितलं म्हणून कुठे बोलू नका. मामींनी हट्टानं करून आणलेला चष्मा त्यांनी टेबलावरच्या पेनस्टँडमध्ये खोचून ठेवला होता. "चष्म्यातला टर्नर म्हणजे कवळीतला वाघ!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पेनस्टँड म्हणजे उलटा ठेवलेला जुना पिस्टन, मामींचा लाडका.

परवा त्यांची भाची चार कोरे पिस्टन घेऊन आली. बाजूंना काळा, गुळगुळीत लेप. रेसच्या गाडीला ती टर्बो बसवत होती. टर्बो इंजिनात हवा कोंबतो, तिला जागा हवी. म्हणून प्रत्येक पिस्टनच्या माथ्यात तीन मिलिमीटर खोल वाटी कोरायची होती.

"मामा, लेपाला ओरखडा नको. आणि संच एकच आहे. एक जरी गेला तरी माझी रविवारची रेस बुडाली."

"तू रांगत होतीस तेव्हापासून पिस्टन कापतोय मी."

"तेव्हा तुम्हाला दिसतही होतं."

मामी आतून खुदकन हसल्या. मामांना ते लागलं.

लेथवर वस्तू पकडून ठेवणाऱ्या चकचे जबडे लेपाला लागू नयेत म्हणून त्यांनी अ‍ॅल्युमिनियमची चिरलेली कडी केली. पिस्टन तिच्यात अलगद बसला. तरी पोरीच्या वस्तूवर हत्यार चालवायला हात धजेना. मामी बाजारात गेल्याबरोबर त्यांनी पेनस्टँड रिकामा केला आणि रंगीत तालीम म्हणून तोच कडीत धरला. खोली दाखवणाऱ्या डायलवरचा तीन कधी गेला कळलंच नाही. आठ आला, तो यांना तीन वाटला. वाटीला आरपार भोक!

वाघ गुपचूप घरात गेला आणि चष्मा लावून आला. चारही वाट्या तीनच्या तीन. भाचीनं पिस्टन वजन करून पाहिले, लेपावर बोट फिरवलं आणि मामांच्या गळ्यातच पडली. चष्मा नाकावरच राहिला होता, हे मामांच्या तेव्हा ध्यानात आलं.

संध्याकाळी मामींनी पेनस्टँड उचलला. पेनं टेबलावरच राहिली. त्या भोकातून त्यांनी नवऱ्याकडे एक डोळा लावून पाहिलं.

"हे काय?"

"तालीम झाली."

"म्हणजे पोरीची रेस माझ्या पेनस्टँडनं वाचवली!"

"आणि तुझ्या चष्म्यानं," मामा पुटपुटले.

"काय म्हणालात? ऐकू नाही आलं."

आता मामींच्या कानांचं बघायला हवं, असं मामा म्हणतात. मला विचाराल तर, त्यांना ते पुन्हा ऐकायचं होतं.