शब्दाला सोन्याचं मोल

कोपरगावच्या कांदा बाजारात बन्सीभाऊ भाव पुकारायला उभे राहिले, की पलीकडच्या टपरीवरचा रेडिओ बंद करावा लागे. आडत्याकडे त्यांनी आयुष्यभर हेच काम केलं. कांद्याच्या ढिगापाशी उभं राहायचं आणि बोली चढवत न्यायची. घरी आले की मात्र गप्प. "सगळा आवाज तिकडंच विकून येत्यात," सुमनबाई म्हणायच्या, "बायकोच्या वाट्याला नुसतं हूं."

पौषात एका सकाळी ते भर लिलावात कोसळले. उजवी बाजू गेली. नगरच्या दवाखान्यातून परतले तेव्हा पाय उचलत होता, हातही थोडा वळत होता. वाचा तेवढी मागंच राहिली. समजत सगळं होतं, पण पाणी हवं असलं तरी "ते... ते", पंखा नको असला तरी "ते". मग डाव्या मुठीनं स्वतःच्याच कपाळावर ठोसा. म्हणून सुमनबाई त्यांनी तोंड उघडण्याआधीच ओळखायला शिकल्या. पाणी, पंखा, चादर. भेटायला येणाऱ्यांनाही त्याच उत्तरं देत.

"लवकरात लवकर स्पीच थेरपी सुरू करा," डॉक्टर घरी सोडताना म्हणाले होते. कुठं, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायचं सुमनबाईंना सुचलं नाही.

गावात त्या शब्दाचा पत्ता कोणाला लागेना. मेडिकलवाल्या कल्याणनं त्यांना कानाच्या मशीनवाल्याकडे धाडलं. त्यानं तपासून सांगितलं, "कान तर माझ्याहून चांगलेत, मावशी. माझंच मशीन विकलं जाईना ह्यांच्यापुढं." कोणी गळ्याचा डॉक्टर सुचवला, कोणी मालिशवाला. शेजारच्या रतनबाई वेखंड उगाळून घेऊन आल्या. "जिभेला लावा. आमचा नातू असाच बोलता झाला." बन्सीभाऊंनी वाटी उडवली. या सगळ्यात उन्हाळा संपून गेला.

शेवटी रतनबाईंच्या सुनेला, माधुरीला, माग लागला. "संगमनेरला दर शनिवारी नाशिकहून एक मॅडम येत्यात. उशिरा बोलनाऱ्या पोरांच्या. पन मोठ्या मानसांनाबी बघत्यात म्हनं."

संगमनेरच्या त्या खोलीत खुर्च्या चिमुकल्या आणि भिंतीवर ससे होते. बन्सीभाऊ दारातच थबकले. अश्विनी मॅडमनी आतून मोठी खुर्ची आणवली, समोर बसून एक चित्र धरलं.

"काका, हे काय आहे?"

"कप," सुमनबाई म्हणाल्या.

"आणि हे?"

"किल्ली. ह्यांच्या करगोट्याला असती."

मॅडम हसल्या. "काकू, परीक्षा काकांची आहे आणि पास तुम्ही होताय." मग हसू आवरून म्हणाल्या, "शब्द त्यांच्या आत आहेत. सापडायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तुम्ही त्यांना देत नाही. वाक्य तुम्ही सुरू करा, पुढचा शब्द त्यांना सोडा. अडले तर फक्त पहिलं अक्षर द्या. त्यांच्या नावापासूनच सुरुवात करा."

सुमनबाईंनी पदर सारखा केला. "मी न्हाई घेत त्यांचं नाव."

"कधीच नाही?"

"लग्नात घेतलं हुतं. उखान्यात."

निघताना त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, लई उशीर झाला का?"

अश्विनी मॅडमनी हातातली चित्रं आवरून ठेवली. "आधी आला असता तर सोपं गेलं असतं. आता आणखी उशीर करू नका."

ते वाक्य सुमनबाईंनी परतीच्या एसटीत मांडीवरच्या पिशवीसारखं धरून ठेवलं.

पुढच्या शनिवारी बन्सीभाऊ भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आदल्या दिवशी बाजारातला एक हमाल भेटायला आला होता. "भाऊ, बालवाडीत नाव घातलं म्हनं!" बोलला तो मायेनंच, पण लागायचं तिथं लागलं. त्याच्या पुढचाही शनिवार तसाच गेला.

त्या संध्याकाळी सुमनबाई ओट्यावर गवार मोडत बसल्या होत्या. खाटेवर बन्सीभाऊ. गल्लीत कोणी नाही, हे त्यांनी एकदा पाहून घेतलं आणि मान खाली घालून त्या म्हणाल्या,

"गोदावरीच्या पान्याला चैतातबी ओल..."

आणि थांबल्या.

बन्सीभाऊंनी मान वळवली. मांडवात याच्यापुढं त्यांचं नाव आणि 'शब्दाला सोन्याचं मोल' आलं, तेव्हा बाजारातली माणसं ओरडली होती, "सोन्याचं मोल? वहिनी, बोली कितीपासून लावायची?"

नाव सुमनबाईंच्या ओठांपर्यंत आलं होतं. इतकी वर्षं ते न घेणं किती सोपं होतं. आज ते ओठांवर अडवून धरावं लागलं.

बन्सीभाऊंचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"ब," सुमनबाई म्हणाल्या. एवढंच.

"ब... ब..." मूठ कपाळाकडे निघाली. सुमनबाईंनी ती अर्ध्या वाटेत धरली, पण पुढचं अक्षर दिलं नाही. "ब... न्..." कपाळावर घाम आला. पुढचं आलंच नाही. बन्सीभाऊंनी मूठ सोडवून घेतली नि कूस बदलली. सुमनबाईंच्या हातातली गवार तशीच राहिली. अर्ध्या नावाचं काय करायचं, त्यांना कळेना.

पुढच्या शनिवारी सकाळी सुमनबाई अंघोळीहून आल्या तेव्हा बन्सीभाऊ टोपी घालून उंबऱ्यात उभे होते. डाव्या हातानं त्यांनी रस्ता दाखवला. "ते."

कुठं जायचंय, सुमनबाईंना चांगलंच ठाऊक होतं. त्यांनी पिशवी उचलली; एसटीची वेळ होत आली होती.

"ते म्हंजे कुठं?" त्यांनी विचारलं, आणि पिशवी खाली ठेवून त्या वाट बघत उभ्या राहिल्या.