पुढच्या चाकातली माळ

माझ्या सासूला मी मामी म्हणतो, कारण ती माझी मामीच. मामाची पोरगी केली होती मी. मामा जाऊन लय वर्षं झाली. पोरगी यंदाच्या उन्हाळ्यात गेली, पोटातल्या गाठीनं. म्हातारी विट्याच्या पलीकडं एकटी राहते, नव्वदीला टेकलेली. मी वडूजच्या अलीकडं. बायको होती तवा दर गुरुवारी आम्ही गाडीवरनं तिच्याकडं जायचो, पीठ, डाळ, गोळ्या घेऊन. बायको गेल्यावर पुढचा गुरुवार आला तशी मी गाडी काढली आणि गेलो. कुणी सांगितलं नव्हतं. घरात बसून तरी काय करणार होतो?

जावई आणि सासू बोलणार काय. आमच्याकडं जुनी बाई जावयासमोर डोक्यावरचा पदर पडू देत नाही, आणि बोलायचंच झालं तर भिंतीकडं बघून बोलते. मामी म्हणायची, "पावनं जेवतील न्हवं?" पावनं म्हणजे मीच. मी म्हणायचो, "जेवतो." झालं बोलणं. पण शेजारची बाई एकदा म्हणाली, "आवं, गुरुवारी सकाळच्यानं ती उंबरा सोडत न्हाई. च्यासुदीक तितंच पिती." तवापासनं गुरुवार चुकवायची सोय राहिली नाही.

श्रावणात मी पडलो. रस्त्याचं काम निघालेलं, डांबरावर बारीक खडी पसरलेली. कुत्रं आडवं आलं, मी पायानं ब्रेक दाबला, मागचं चाक जाम झालं आणि गाडी आडवी. गुडघा सोलला, बाकी काही नाही. बायको मागं बसलेली असताना असा ब्रेक मारल्याचं मला आठवत नाही. तिला माझ्या आधी कुत्रं दिसायचं. खांद्यात बोटं रुतवायची.

गावातल्या कुणीतरी माझ्या पोराला फोन केला. पोरगा मिलिटरीत आहे. रजेवर आला, गुडघा बघितला आणि म्हणाला, "आबा, गाडी विकायची."

"मग आज्जीकडं कोण जाणार? तू?"

त्याची ड्युटी पार तिकडं बर्फात. संध्याकाळी परत म्हणाला, "मग एबीएसवाली घ्या. जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम हुत न्हाई त्याचं."

साताऱ्याला शोरूमला गेलो. नव्या गाडीला दोन्ही चाकांना एबीएस, चकचकीत. मी वर बसलो तर पाय टेकेनात.

"सवय हुईल," पोरगा म्हणाला.

"पडायची पण हुईल," मी म्हणालो.

नवी राहिली. फलटणला एक वापरलेली मिळाली, जुन्या मॉडेलची, बुटकी. तिला पण एबीएस होतं, पण जुन्या पद्धतीचं, नुसतं पुढच्या चाकापुरतं. पोरानं ती खाली वाकून, चावी फिरवून, पुढं ढकलून, सगळी तपासली. मग मला मीटरवरचा एक पिवळा दिवा दाखवला.

"चावी फिरवली की ह्यो लागला पायजे, आन् गाडी चालाय लागली की गेला पायजे. लागलाच न्हाई तर बिघाड दिसू नये म्हणून कुणीतरी काढून ठेवलाय. गेलाच न्हाई तर एबीएस बंद. दिवा जाईना तर गाडी लावून ठेवायची. शब्द द्या."

"दिला."

"न्हाईतर मी गाडी काढून घेणार, आबा."

"दिला म्हणलं न्हवं."

रजा संपून तो गेला. दर गुरुवारी फोन करतो आणि विचारतो, "दिवा गेला का?" मी म्हणतो, "गेला." त्याची आई गेल्यापासनं आम्हाला बोलायला तेवढंच आहे. चांगलं आहे. काहीच नसण्यापेक्षा बरं.

वडूजच्या मेस्त्रीकडं गाडी दाखवायला नेली तवा त्यानं मला एक चक्कर मारायला लावली. परत आलो तर हसतोय.

"आबा, एबीएस हाय पुढच्या चाकाला. तुमी दाबताय मागचा. मग ही गाडी घिऊन फायदा काय?"

आमच्या वेळच्या माणसांना पुढचा ब्रेक म्हणजे तोंडावर पडायचं यंत्र. मला गाडी शिकवणाऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगितलेलं, पुढच्याला हात लावू नको. जन्मभर लावला नाही. मेस्त्री म्हणाला, "नवी गाडी आसती तर मागचं चाक पण सांभाळलं आसतं तिनं. ही तुमची जुनी. हिला तुमीच थोडं सांभाळून घ्या." त्यानं मला दुकानामागच्या मातीत नेलं. दोन्ही ब्रेक धरा, पुढचा जास्त, सोडू नका. मी धरला. ब्रेकचा दांडा बोटांखाली फडफडला, हातात कोंबडी धरल्यावर फडफडते तसा. भीतीनं मी सोडून दिला.

"सोडायचा न्हाई," मेस्त्री म्हणाला. "ती फडफडली म्हंजी काम करती."

दोन-चार वेळा केल्यावर जमलं.

दसरा नेमका गुरुवारी आला. आमच्या घरात यंदा सण नाही, माणूस गेलेलं. मी गाडी धुतलीसुद्धा नव्हती. मामीकडं जेवून बाहेर आलो तर ती गाडीपुढं खाली बसलेली. झेंडूची लांबलचक माळ तिनं पुढच्या चाकाजवळ, शॉकअपच्या नळीला बांधलेली. पाठीत वाकलीय ती, हँडलपर्यंत हात जात नाही, म्हणून खाली. दरवर्षी माळ बायको घालायची, वर.

"मामी, आवंदा सण न्हाई आपल्यात."

ती चाकाकडं बघून म्हणाली, "माणसाला न्हाई. गाडीनं काय केलंय?"

मी गाडी चालू केली. निघालो.

विटा मागं टाकला आणि पुढनं खडखड आवाज आला. उतरून बघितलं. माळेचा दोरा चाकात गुंडाळला होता, आणि चाक फिरतंय का हे एबीएसला कळवणारा बारका सेन्सर असतो, त्याची वायर तुटून लोंबत होती. दोरा सोडवला, गाडी चालू केली. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. रस्त्यावर सोडून येता येत नव्हती म्हणून हळूहळू घरी आणली.

फोन आला. "दिवा गेला का?"

खोटं बोललो असतो तर त्याला तिकडं काय कळणार होतं. पण मला खोटं नीट जमत नाही, बायको लगेच धरायची. "न्हाई गेला. आज्जीनं माळ घातलेली, ती चाकात गुतली."

तो म्हणाला, "दुरुस्त हुईस्तोवर गाडी लावून ठेवा."

लावली.

मेस्त्री म्हणाला, नव्या गाडीचा सेन्सर कुठंही मिळतो, हिचा शोधावा लागणार, ह्या मॉडेलला आता कोण विचारत नाही. तोवर पुढचा गुरुवार आला. एसटीनं निघालो. वडूज, विटा, मग तिच्या गावाची गाडी. पोहोचलो तवा दुपार कलली होती, आणि तीच गाडी माघारी सुटणार, पुढं दुसरी नाही. मामी उंबऱ्यात होती. पिशवी दिली. ती माझ्या मागं रस्त्याकडं बघत म्हणाली, "गाडी?"

"बिघडलीया."

"कशानं?"

"जुनी हाय."

पाणीसुद्धा पिणं झालं नाही. एसटीचा हॉर्न वाजला. मागनं ती म्हणाली, "पावनं आता आसंच येणार म्हणायचं." असलं येणं किती दिवस चालणार, हे तिला कळत होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी मी सांगलीला गेलो. तिथं जुन्या गाड्या फोडून सामान विकणारे आहेत. हिंडून हिंडून एकाकडं माझ्याच मॉडेलची एक गाडी सापडली. पुढनं पार चेपलेली, सेन्सर मात्र शाबूत. गाडी कुणाची, मी विचारलं नाही. मेस्त्रीनं तो बसवला. चावी फिरवली, दिवा लागला. दुकानासमोरनं गाडी पुढं घेतली, दिवा गेला. परत मातीत नेऊन पुढचा ब्रेक धरला. फडफडला. सोडला नाही.

दिवाळीचा पाडवा बुधवारी होता. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. घरात बसवेना, म्हणून एक दिवस आधीच मामीकडं गेलो. तिनं गाडीचा आवाज ऐकला आणि आतनं माळ घेऊनच आली. मी येणार हे तिला कसं ठाऊक, की रोजच करून ठेवत होती, कळलं नाही. परत पुढच्या चाकाजवळ वाकायला लागली.

"मामी, पुढं नको."

ती थांबली. पहिल्यांदाच भिंतीकडं नाही, माझ्याकडं बघितलं. "माळंनंच बिघडली व्हती व्हय?"

"व्हय."

"मग तवाच सांगायचं की. मी काय परकी हाय?"

ती गाडीला हात लावत लावत मागं गेली. सीटच्या मागं धरायला लोखंडी दांडा असतो, तो चाचपला. "ती हितं धरायची न्हवं?"

"हितं, न्हाईतर माझ्या खांद्याला."

माळ तिनं तिथं बांधली, दोन गाठी मारून. बांधताना तिचा पदर डोक्यावरनं खाली आला, तो तिनं वर घेतला नाही.

सांजच्याला पोराचा फोन. "दिवा गेला का?"

"गेला. माळ मागं हाय."

माळ अजून तिथंच आहे, वाळून काळी पडली. मेस्त्री म्हणतो काढा. मी म्हणतो, तुझ्या सेन्सरला ती काय करती?