आम्ही सरकारी लाँच बुडवली

सरकारी लाँच आम्ही बुडवली. भर दिवसा, आत दगड भरून बुडवली, आणि ती खाली बसली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. आता सांगायला लागले की लोकांना वाटतं मी थापा मारून राहिले. मारते मी थापा, नाही असं नाही, पण ही थाप नाही.

नांदेडच्या वरच्या अंगाला गोदावरीचं पाणी अडवलंय, तिथं पाटबंधारे खात्याची एक जुनी सागवानी मोटर लाँच होती. आमचे हे तिच्यावर चालक. साहेब लोकांना पाण्यातून फिरवायचं, गाळ मोजायला न्यायचं, आणि उरलेल्या वेळात तिचं पितळ घासत बसायचं. माझ्या लग्नातल्या पितळेच्या भांड्यांना त्या माणसानं कधी चिंच लावली नाही, लाँचचं स्टिअरिंग मात्र रोज लखलख! मी तिला सवत म्हणायचे. मागून नाही, तिच्या तोंडावर म्हणायचे.

भूकंपानंतरचा तिसरा की चौथा उन्हाळा असेल. सगळीकडं फायबरच्या बोटी यायला लागल्या होत्या. एक दिवस साहेब आले, लाँचच्या बुडाशी साचलेलं घोटाभर पाणी बघितलं आणि म्हणाले, "हिचं आता निर्लेखन करू." निर्लेखन म्हणजे यादीतून नाव कटाप आणि लाकूड भंगारात. लाँच गेली की चालक अतिरिक्त, आणि अतिरिक्त माणसाला हिमायतनगरकडं कालव्यावर चौकीदाराची जागा ठरलेली. इकडं आमची लेक दहावीची परीक्षा देऊन बसलेली. अख्ख्या जिल्ह्यातली माणसं पोरांना क्लासला घालायला बिऱ्हाडं उचलून नांदेडात येत होती, एकेका खोलीत चार-चार पोरं राहत होती, अन् आम्ही नांदेडातल्यांनी नांदेड सोडायचं? माझं डोकंच फिरलं. ह्यांनी हातापाया पडून जूनपर्यंत मुदत मागून घेतली. तोवर लाँच दुरुस्त करून पाण्यावर चालवून दाखवायची. आत पाणी आलं तर निर्लेखन.

मग ह्यांनी जे केलं ते आमच्या कोरड्या मुलखातला माणूसच करू जाणे. लाँच काठावर ओढून घेतली, खाली ओंडके दिले आणि दोन महिने उन्हात वाळवली. आमच्याकडं वाळवलेली वस्तू टिकते. मिरच्या घ्या, सांडगे घ्या, कुरडया घ्या. लाँचनं काय पाप केलंय? फळ्याफळ्यांत बोट जाईल अशा फटी पडल्या, तर त्यांत ह्यांनी भिंतीला लावतात ती रंगाऱ्याची लांबी दाबून भरली, घासून गुळगुळीत केली आणि वर निळा-पांढरा रंग मारला. सवत नवरीसारखी दिसत होती, खोटं कशाला बोलू.

नारळ फोडून आम्ही तिला पाण्यात लोटली आणि दहा मिनिटांत आत कारंजी सुरू! एक इथून, एक तिथून. लांबीचे तुकडे निसटून तरंगायला लागले. हे बादलीनं उपसतायत आणि मी काठावर पोट धरून हसतेय. हसू नये तिथंच मला हसू येतं, हा माझा जन्माचा रोग. मग ह्यांचं तोंड दिसलं. साहेब यायला दहा दिवस राहिले होते. माझं हसू तिथंच थांबलं.

तेव्हा आबा आमच्याकडं राहायला होते. आबा म्हणजे माझे वडील, देवणीकडचे सुतार. उभा जन्म त्यांनी बैलगाडीची चाकं केली. भूकंपात घराची भिंत उकलली, माणसं सगळी वाचली, पण आबांच्या आत जे हललं ते काही जागेवर बसलं नाही. रस्त्यावरून ट्रक गेला आणि फरशी थरथरली की ताटावरून उठून थेट अंगणात. ऑटोत बसायचे नाहीत, झोपाळ्यावर बसायचे नाहीत. आमच्या घरात खाटेला कुरकुरायचीही चोरी होती. पाण्याच्या काठाला आले तरी दहा पावलं लांब, बाभळीखाली.

त्या दिवशी मात्र लाँच परत वर ओढल्यावर ते आपणहून जवळ आले. फटीतून नख फिरवलं.

"जावईबापू, लाकूड तहानलंय. तुमी त्येला पानी द्यायचं सोडून रंग पाजला."

"मग काय करायचं मामा?"

"लांबी काढा समदी. फटीत सूत घाला, राळ अन् जवसाचं तेल लावून. लई दाबून न्हाई, सैलसर. अन् मग बुडवा."

"काय?"

"बुडवा म्हन्लं. चार दिस पान्याखाली ठिवा. लाकूड फुगतंय, फट आपोआप मिटतीय."

"अहो मामा, बुडू नये म्हणून तर हा सगळा खटाटोप!"

"गाडीचं चाक बी पळायसाठीच आसतंय. पन उन्हाळ्यात आरे ढिले झाले की वढ्यात बुडवून ठिवतोच की न्हाई?"

आमच्या ह्यांचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता! वीस वर्षं पाण्यावर काढलेला माणूस, आणि पाण्याला दहा पावलं लांबून बघणारा सासरा त्याला लाँच बुडवायला सांगतोय. पण ती लाँच कायम पाण्यातच असायची. वाळलेली तिला ह्यांनी कधी बघितलीच नव्हती, मग फुगण्याचं कळायचं कुठून? "सरकारी मालमत्ता आहे ती!" हे ओरडले. "सस्पेंड होईन मी!" मी म्हटलं, "आत्ता काय बढती मिळणार आहे का? बुडवून टाका मेलीला." सवतीला बुडवायची संधी कोण सोडतं?

तीन दिवस आमच्या अंगणात राळेचा वास कोंडला होता. क्लासवाल्यांनी सुट्टीतच अकरावी सुरू करून टाकली होती, त्यामुळे लेक मांडीवर नोट्स ठेवून सूत पिळायची आणि मोठ्यानं बेंझिन पाठ करायची. आबा राळ कुटता कुटता ऐकायचे. तिनं काढलेली सहा कोपऱ्यांची आकृती त्यांनी बराच वेळ निरखली आणि म्हणाले, "साच? चाकाला सा आरे कमीच पडत्यात." लेक इतकी हसली की पिळलेलं सूत सगळं उकललं. आबाही हसले. भूकंपानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघत होते, म्हणून ते अजून हसावेत अशा बेतानं मी ओरडून विचारलं, "किती आरे आबा?"

चौथ्या दिवशी चेनकप्पीनं इंजिन काढून बाभळीखाली ठेवलं आणि लाँचमध्ये दगड भरले. ती हळूहळू खाली गेली, मोठा बुडबुडा सोडला आणि तळाला टेकली. छताच्या चार दांड्या तेवढ्या वर राहिल्या. त्याच वेळी मी टाळ्या वाजवल्या. हे तीन तास माझ्याशी बोलले नाहीत.

आणि दुसऱ्याच दिवशी साहेबांची जीप! ठरल्या दिवसाच्या कितीतरी आधी.

"लाँच कुठंय?"

दांडीवर एक बगळा बसला होता. मी बोट दाखवलं. "ती काय साहेब, बगळ्याखाली."

"बुडाली?"

"बुडाली नाही, बुडवली."

हे नुसत्या डोळ्यांनी मला खाऊन राहिले होते. साहेबांनी खिशातून पेन काढलं. तेवढ्यात बाभळीखालून आबांचा आवाज आला, "साहेब, गाव कंचं म्हनायचं तुमचं?"

"जळकोटकडचं. का?"

"घरी गाडी व्हती?"

"होती."

"मंग उन्हाळ्यात चाकं वढ्याला कोन न्यायचं?"

साहेबांनी पाण्याकडं बघितलं, बगळ्याकडं बघितलं. "मीच न्यायचो," ते म्हणाले. "म्हशी तुडवतील म्हणून राखण करत बसायचो." मग एकदम, "च्यायला!" असं म्हणून ते मांडीवर थाप मारून हसले. लगेच सावरलेही. "ठरल्या दिवशी येतो. पण पाणी आलं तर माझा इलाज नाही, आधीच सांगून ठेवतो."

ठरल्या दिवसापर्यंत आम्ही दगड काढले, पाणी उपसलं, तळ पुसून कोरडा केला, इंजिन जागेवर बसवलं. साहेब आले ते काखेत वर्तमानपत्र घेऊन. लाँचच्या तळाला त्यांनी ते पानपान करून पसरलं. मग म्हणाले, "ज्यानं बुडवायला सांगितलं तो आधी बसू दे. त्याशिवाय मी नाही बसणार." मागून कळलं की साहेबांना पोहता येत नव्हतं.

आबांचा चेहरा पांढरा पडला. मी म्हणणारच होते की राहू द्या हो, त्यांना नाही जमायचं. पण आबांनी लेकीकडं बघितलं. ती नोट्स छातीशी धरून उभी होती. त्यांनी धोतराचा सोगा वर खोचला आणि ती दहा पावलं चालून लाँचमध्ये जाऊन बसले. मी शेजारी बसले तसं त्यांनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली.

इंजिन धडधडलं. फळीन् फळी थरथरायला लागली, आमच्या फरशीच्या शंभरपट. मी आबांकडं बघत होते, साहेब पेपरकडं आणि हे साहेबांकडं. पलीकडचा काठ आला, तिथून वळलो, अलीकडचा काठ आला. साहेबांनी वाकून पानं उचलली. सगळ्या क्लासच्याच जाहिराती, आणि एकीवरही ओल नाही! पेपराची घडी घालत साहेब म्हणाले, "राहू द्या हिला." एवढंच बोलून ते उतरले. लेकीनं काठावर अशी किंकाळी फोडली की बगळे उडाले, आणि हे स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडायला लागले.

आबा मात्र उठेनात. "आबा, झालं, उतरा आता."

त्यांनी माझं मनगट सोडलं आणि दोन्ही तळहात फळीवर ठेवले. लाँच काठाशी डुलत होती.

"ही बी हालती गं," ते म्हणाले. "हालती, पन फुटत न्हाई."

मला रडू का हसू कळेना, म्हणून मी दोन्ही केलं. आबांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जावईबापू, आनखी एक चक्कर मारा की."

सरकारी डिझेलवर आम्ही तीन चकरा मारल्या, आणि त्या तिन्हीत आबांनी माझा हात धरला नाही.