चमकीवरची वाफ

थंडीत चहाचा कप तोंडाशी नेला की चष्म्यावर वाफ धरते आणि दवाखान्यातली ती सकाळ आठवते. गंगापूरहून आईला ऑपरेशनसाठी औरंगाबादला आणलं होतं. फिनेलचा उग्र वास येत होता. अंगावरचं सगळं काढून ठेवा, असं सिस्टरनं सांगितल्यावर आईनं तिच्या वडिलांनी लग्नात दिलेली हिऱ्याची चमकी नाकातून हळूच काढली. माझ्या तळहातावर ठेवून ती वाकली आणि खड्यावर तोंडाची वाफ सोडली. "बघ गं माय, लगीच उडाली. खऱ्या हिऱ्यावर वाफ थांबत नाय, काचंवर थांबती. उद्या सराफ्यात कुणी म्हनलं, ह्या खड्याला पाणी नाय, तर असं करून दाखव." "परत आल्यावर तूच दाखव की," मी चिडूनच म्हणाले. ती हसली. मग तिला आत नेलं, ते कायमचंच. चमकी अजून माझ्याकडे आहे, आणि ती खरीच आहे. काचेची असती, तर त्या सकाळी आईचा श्वास माझ्या तळहातावर जरा वेळ तरी थांबला असता.