वेंडेलिन मिस्त्रीचा पेला

वेंडेलिन डिपेल चाळीस वर्षं सुतारकी करतोय आणि या चाळीस वर्षांत त्याच्या हातून एकही पेला फुटला नव्हता. परक्या माणसाला वाटेल, वा, काय जपून काम करतो! डोंबलाचं जपून. आमच्या डोर्नरोड गावात सुताराच्या हातून पेला फुटला नाही, तर त्याची सुतारकी कच्चीच राहिली म्हणतात.

घराचा सांगाडा उभा राहिला, आढं चढलं, की सुतार काळे कपडे, काळी टोपी घालून वर चढतो. देवदाराच्या डहाळ्यांचा, रंगीत फितींचा तुरा आढ्याला बांधतो. आणि खाली जमलेल्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात कवन म्हणतो. देवाचे आभार, मालकाचं भलं होवो, घर ओळंब्यासारखं सरळ उभं राहो, असं. मग हातातला दारूचा पेला एका घोटात रिकामा करायचा आणि खाली भिरकावायचा. पेला फुटला तर घराला बरकत. नाही फुटला तर काय, ते भरल्या घरात बोलत नाहीत. त्यानंतर घरमालकाने गावाला सॉसेज आणि बिअर द्यायची.

पण हा मान नवं घर उभारणाऱ्याचा. दुरुस्तीवाल्याला कोण विचारतो? वेंडेलिनच्या बापाने अर्ध्या तालुक्यात पेले फोडले. पोराच्या हाती रंधा आला तेव्हा नवी घरं ट्रकात बसून कारखान्यातून तयार यायला लागली होती. वेंडेलिनच्या वाट्याला आली ती चर्चच्या मनोऱ्याची कुजकी शिडी, कुणाच्या गोठ्याचं दार, कुणाचा कुरकुरणारा जिना. त्याच्या कारखान्याची आणि माझ्या बेकरीची भिंत एकच. रंधा मारताना तो बापाचं कवन म्हणायचा, अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत. मला ते इतकं पाठ झालंय, की पीठ मळताना माझे हात त्याच तालावर चालतात. मला हा माणूस आवडतो. सगळ्या गावाला ठाऊक आहे, त्याला सोडून.

तर गुंडोल्फ श्ट्योरचं कोठार. अडीचशे वर्षांचं, ओकच्या लाकडाचं, एकही खिळा नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. मधल्या चौकटींत माती-पेंढ्याचं लिंपण. खांब बुडाशी इतके कुजले होते, की बोट घातलं तर भुगा यायचा. जिल्ह्याच्या वारसा खात्याने पाहणी केली आणि सांगितलं, अख्खं उतरवा, कुजलेलं तेवढं बदला, पुन्हा उभं करा.

वेंडेलिन पाव घ्यायला आला तो हसतच. हा माणूस सकाळी हसत नाही.

"इर्मेल, अख्खं उतरवायचं म्हणतायत."

"मग?"

"मग अख्खं चढवायचं! आढंसुद्धा! कळतंय का तुला? आढं चढणार म्हणजे तुरा बांधायचा. म्हणजे कवन. म्हणजे…" आणि त्याने पावाची पिशवी वर धरून खाली भिरकावल्यासारखं केलं.

मला इतका आनंद झाला, की मी त्याला दोन पाव जास्त दिले आणि वर ओरडले, "पिशवी नीट धर, वेंधळ्या!"

पण गुंडोल्फ म्हणजे ऐंशीचा, दात कोरून पोट भरणारा म्हातारा. तो म्हणाला, "कसला सोहळा? माझ्या खापरपणजोबाच्या बापाने या कोठाराचा सोहळा केलाय. गाव तेव्हा जेवलंय. एका कोठारासाठी गावाने दोनदा जेवायचं?"

"तेव्हा जेवलेले सगळे मेले, गुंडोल्फ," मी म्हटलं.

"तो माझा दोष आहे का?"

वेंडेलिन मात्र कामाला लागला. एकेक खांब, एकेक तुळई खुणा करून उतरवली. कुजलेली बुडं कापून नव्या ओकचे जोड बसवले, असे, की नखाला सांधा लागू नये. आणि पाखरं अंडी घालायला लागली तेव्हा कोठार पुन्हा उभं राहिलं. सरळ! अहो, ते कोठार आमच्या कुणाच्याही आठवणीत सरळ नव्हतं. हातभर अंगणाकडे कललेलं असायचं, दर्शनी बाजू पुढे झुकलेली. आता ओळंबा सोडला तर दोरी खांबाला लागून सरळ खाली येत होती. वेंडेलिन दिवसातून दहादा ओळंबा सोडायचा आणि दहादा मान डोलवायचा.

पहिली तक्रार गुंडोल्फचीच. तो जन्मभर त्या कलत्या कोठारात वावरलेला, त्यामुळे स्वतःही तसाच कललेला. त्याच्या तिपाईचा एक पाय तिथल्या उतारासाठी मुद्दाम आखूड केलेला. सरळ कोठारात तिपाईवर बसला आणि धाडकन पेंढ्यात.

"माझं कोठार बिघडवलंस तू!" पेंढ्यातूनच ओरडला.

"सरळ केलंय रे म्हाताऱ्या!"

"मग मला पण सरळ कर!"

दुसरी तक्रार मात्र कागदावर आली. वारसा खात्याच्या लिप्पोल्डबाई. डॉक्टर आहेत, कुठल्याशा विटांवर अभ्यास करून झालेल्या. बाई वाईट नाहीत. पण एखादी गोष्ट नियमात असेल तर ती आभाळातून पडली तरी नियमाप्रमाणेच पडली पाहिजे असं त्यांना वाटतं. त्यांनी पिशवीतून एक जुना फोटो काढला आणि कोठारासमोर धरला.

"मिस्त्री, झुकाव कुठे गेला?"

"काढला की, बाईसाहेब. लाकडं वाकली होती म्हणून झुकलं होतं."

"झुकाव संरक्षित आहे."

वेंडेलिनला वाटलं, बाई थट्टा करतायत. तो हसला. बाई हसल्या नाहीत.

"दोनशे वर्षं तो झुकलेला आहे. म्हणजे झुकाव ऐतिहासिक झाला. तुम्ही एक ऐतिहासिक झुकाव नष्ट केलाय. पूर्ववत करा." मग फोटोत बोट ठेवून, "आणि हा शेणखताचा ढीगही इथेच राहील. तो फोटोत आहे."

"ते शेणखत दोनशे वर्षांचं नाहीये हो," मी मध्येच म्हटलं.

"ढिगाची जागा आहे," बाई म्हणाल्या.

वेंडेलिन त्या दिवशी पाव न्यायला आला नाही. मी गेले बघायला, तर तो ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळत नि सोडत बसला होता. म्हणाला, "इर्मेल, सरळ कसं करायचं ते बापाने शिकवलं. वाकडं करायचं कुणी शिकवलं नाही गं." मला त्या बाईचा आणि तिच्या फोटोचा इतका संताप आला, की मी घरी येऊन पिठाचा गोळा ओट्यावर आपटला.

पण त्याने केलं. ओळंबा लावूनच केलं! वर हातभर, खाली शून्य, प्रत्येक खांब सारखा कललेला. लिप्पोल्डबाईंनी फोटो धरला, एक डोळा मिटला, आणि म्हणाल्या, "सुंदर." गुंडोल्फ तिपाईवर बसला आणि पडला नाही.

त्याच वेळी वेंडेलिनने सोहळ्याचं विचारलं. बाई म्हणाल्या, आढं चढवण्याचा सोहळा नव्या इमारतीचा असतो. इथे केला तर इमारत नवी आहे असा समज पसरेल. गुंडोल्फ लगेच म्हणाला, "बघ! सरकार पण तेच म्हणतंय."

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "बाई, रविवारी दुपारी एक माणूस आढ्यावर चढून चार ओळी म्हणणार आहे. त्याला सोहळा म्हणू नका, दुरुस्तीची तपासणी म्हणा. खाली गाव उभं असेल, ते तपासणी बघायला. आणि सॉसेज माझ्याकडून."

बाईंनी विचार केला. "तपासणीला हरकत नाही," म्हणाल्या, "मला हजर राहावं लागेल."

रविवारी अख्खं गाव अंगणात. गुंडोल्फ लग्नातला काळा कोट घालून, हात मागे बांधून, मला काय त्याचं अशा चेहऱ्याने उभा. मी बेकरीतल्या मोठ्या लोखंडी तव्यावर सॉसेज आणलेले, शेजारी बटाट्याची कोशिंबीर. वेंडेलिन काळ्या कपड्यांत वर चढला, तुरा बांधला, दर्शनी टोकाला उभा राहिला. देवाचे आभार मानले, मालकाला आशीर्वाद दिला. आणि ओळंब्याच्या ओळीपाशी घोडं अडलं.

मला पुढचे शब्द पाठ होते. ओठांत आले होते. पण तो खोटं कसं बोलणार, आढ्यावर उभं राहून?

त्याने खाली कललेल्या खांबांकडे पाहिलं. मग म्हणाला, "उभं आहे हे कोठार… वाकडं. ओळंबा लावून वाकडं. इतकं नेमकं वाकडं मी आयुष्यात काही केलं नाही, लोकहो!"

अंगण हसून हसून लोळलं. त्याने पेला रिकामा केला आणि भिरकावला.

पेला थेट शेणखतात. फस्स. एक ओरखडाही नाही.

कुणीतरी पेला काढून पुसला, भरून दोरीने वर पाठवला. पुन्हा शेणखतात. आणि जाणार कुठे? कोठार पुढे कललेलं, वरून टाकलेली वस्तू बरोब्बर ढिगावरच येणार. आतल्या बाजूला टाकावा तर मातीची जमीन आणि गुडघाभर भुसा. तिसऱ्या खेपेला पेला माझ्या घरून आणला, पातळ काचेचा. तोही जिवंत. वर बिचारा प्रत्येक वेळी दारू पीत होता, कारण भरलेला पेला टाकणं अशुभ.

"ढिगावर दगड ठेवा!" कुणीतरी ओरडलं.

"ढिगावर काही ठेवता येणार नाही," लिप्पोल्डबाई म्हणाल्या. त्यांचाही चेहरा पडला होता, हे मी सांगायलाच हवं.

वर वेंडेलिनने टोपी काढली. तुऱ्याची गाठ सोडायला लागला. खाली न बघता म्हणाला, "राहू द्या. दुरुस्तीवाल्याचा मान नाही तो. माझंच चुकलं."

मी काही बोलणार, एवढ्यात माझ्या तव्यावरचे सॉसेज धडाधड बटाट्याच्या कोशिंबिरीत पडले. गुंडोल्फने तवा हिसकावला होता.

"बाई," तो गुरगुरला, "मी माझ्या शेणखतावर उभा राहू शकतो का, का त्यालाही परवानगी लागते?"

बाईंनी कागद उलटसुलट पाहिले. "माणसांबद्दल काही लिहिलेलं नाही."

ऐंशीचा म्हातारा, लग्नातला कोट, पॉलिश केलेले बूट, आणि घोट्यापर्यंत शेणात शिरत ढिगावर चढला. नेहमीसारखा कललेला. दोन्ही हातांनी तवा डोक्यावर धरला.

"ए डिपेलच्या! ती गाठ बांध परत! माझं कोठार आहे, आणि बरकत कुणाला सोडायचीय? टाक!"

"लागेल तुला!"

"टाक म्हणतो ना!"

पातळ पेला पुन्हा भरून दोरीने वर गेला, वेंडेलिनने रिकामा केला आणि टाकला. खणकन असा आवाज झाला आणि काचा सगळ्या ढिगावर उडाल्या. गावाने केलेली आरोळी पलीकडच्या गावात ऐकू गेली असेल. लिप्पोल्डबाई टाळ्या वाजवत होत्या आणि वाजवताना इकडेतिकडे बघत होत्या. गुंडोल्फ ढिगावरूनच म्हणाला, "माझ्या तळघरात बिअरचं पिंप आहे, आणा ते. बघताय काय माझ्याकडे?"

लोक जेवायला लागले. वेंडेलिन वरच. तुऱ्याशेजारी आढ्यावर बसलेला, पाय खाली सोडून.

मी शिडीपाशी गेले. "वेंडेलिन, उतर आता. सॉसेज गार होतायत."

"येतो."

आला नाही. मी पुन्हा हाक मारली.

"इर्मेल," तो हळूच म्हणाला, "खाली आलो की उद्या पाद्रीबाबांच्या खिडकीचं बिजागर आहे गं."

मी शिडी सोडली. गुंडोल्फला जाऊन सांगितलं, सॉसेज पुन्हा चुलीवर ठेव.